घमेल्यातलं पाणी

सावद्याच्या नाक्यावर, निंबाखाली,
एकतीस वर्षं मी पंक्चर काढत आलो.
मागे साडेतीन गुंठे, बाभळी आणि दगड,
बापाने पैजेत जिंकलेले,
ज्यावर शेळीसुद्धा कधी मन लावून चरली नाही.
मग रस्ता रुंद झाला.

मोबाइल टुंग वाजला.
चेतनाने शून्यं मोजली, पुन्हा मोजली,
तिसऱ्यांदा मोजताना तिचा आवाज बारीक झाला.
अठ्ठावन्न लाख चाळीस हजार दोनशे सहा.
त्यातले सहा रुपये मला लगेच कळले.
सहा रुपयांत पूर्वी दोन पंक्चर व्हायचे.
बाकीचे अजून कळतायत.

"काय करशीन रे सुपडू आता?"

पतपेढीचा झांबरे आला, नवा पेन विसरून गेला मुद्दाम.
साडू म्हणाला, जळगावला चल, सोनं दगा देत नाही.
भाच्याने पुण्यातला फ्लॅट मोबाइलवर दाखवला,
त्यात पोहण्याचा तलाव होता, पोहणारं कुणी नव्हतं.
बारा वर्षं ज्यांनी कानबाईच्या रोटाला हाक मारली नाही
ते तीन भाऊबंद एकामागोमाग दारात,
आणि तिघांचंही ठरलेलं वाक्य,
"आपलंच घर आहे बापा."
हिरकन कळण्याची भाकर थापत होती.
ती काहीच बोलली नाही.

ट्यूबचं असं असतं:
छिद्र डोळ्याला दिसत नाही.
हवा भरायची, घमेल्यात बुडवायची,
हळूहळू फिरवायची आणि गप्प बसायचं.
पाणी सांगतं.

त्या रात्री मी घर तसं बुडवून पाहिलं.

पहिला बुडबुडा हिरकनच्या डाव्या डोळ्यापाशी.
दोन वर्षं ती शेजारच्या पोरीकडून सुईत दोरा ओवून घेते,
आणि मला वाटायचं, पोरीचा लळा आहे.
पेटीत, लुगड्यांच्या खाली, एक पत्र निघालं
धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजचं, मागच्या सालचं,
चेतनाने घडी घालून ठेवलेलं,
घडी इतकी बारीक की चिठ्ठीच वाटावी.
मी तिला विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नव्हतं.

मग बराच वेळ काहीच नाही.
मग एकदम, हात ठेवला होता तिथूनच,
बोटांच्या मधून:
हसन पिंजारी, फैजपूरचा.

पहिल्या वर्षी त्यानेच पंप दिला होता.
"जमेल तेव्हा दे."
जमलं नाही. नंतर जमत होतं, तेव्हा लाज वाटली.
त्याच्या मयतीला मी सगळ्यांत मागे उभा होतो.

पाकिटात वीस हजार घालून गेलो.
त्याच्या शकिलाने चहा ठेवला,
पाकीट बशीसारखं माझ्याकडे सरकवलं.
म्हणाली, "अब्बा सांगायचे, पंप सुपडूकडे आहे.
दिला, असं नाही म्हणायचे.
आहे, म्हणायचे.
पैसे राहू द्या. पंप आणून द्या."

घरी येऊन वॉशरला तेल दिलं.
लाकडी मूठ माझ्या तळव्यासारखी झिजलेली,
सोडताना हात एकदम हलका झाला, आवडला नाही.
तिच्या पोराने अंगणातच चार दट्टे मारून पाहिले.
सायकल कुठे होती त्याच्याकडे!
ती मी दुसऱ्या दिवशी नेली, जुनी, पण चाकं सरळ केलेली.
ती मात्र त्यांनी घेतली.

डोळ्याचं मंगळवारी झालं, भुसावळला.
पट्टी सुटल्यावर हिरकन मला बघून म्हणाली,
"केवढा म्हातारा झाला तू!"
आणि हसतच राहिली.
चेतना जूनमध्ये जाईल.
पलीकडच्या अंगाला पत्र्याचं दुकान भाड्याने घेतलंय.
घमेलं तेच, पाणी रोज बदलतो.
बाकी रक्कम बँकेत आहे, झांबऱ्याच्या नाही.

फक्त एक राहिलं.
मोबदल्याच्या कागदावर खाली वेगळी ओळ होती:
निंब, एक नग, अकराशे रुपये.
त्यांचं काय करायचं
हे सांगायला अजून कुणी आलेलं नाही.
दुपारी ऊन सेहेचाळीसवर जातं.
दोन माणसं सायकल धरून येतात,
सवयीने आधी दुभाजकापाशी थांबतात,
जिथे सावली होती तिथे,
आणि मग रस्ता ओलांडून माझ्याकडे.